कोकोबोलोची डबी: तेल सुकेना, लाख लावावी तर रंग पळतो

कोकोबोलो (तेलकट, नारिंगी-लाल रोजवुड) आणि फिकट मेपल यांच्या जोडठोकळ्यातून बँडसॉवर कापलेली दोन खणांची डबी घडवून झाली, खण बसले आणि गाडी फिनिशवर येऊन अडली. डॅनिश ऑइलचा पहिला हात देऊन आठवडा उलटला तरी पृष्ठभाग चिकट. गंमत म्हणजे सगळा नाही. मधल्या मेपलच्या पट्टीवर तेच तेल दुसऱ्या दिवशी खणखणीत वाळलं होतं. नख मेपलवरून ओढलं तर सरळ सरकतं, सांधा ओलांडून कोकोबोलोवर गेलं की रुततं आणि मागे चर उमटतो. तेल एकच, फडकं एकच, हवाही एकच. त्यामुळे तेल जुनं होतं, हवा दमट होती, हात जाड बसला, हे तिन्ही संशय तिथेच निकालात निघतात. दोष लाकडाच्या स्वभावात आहे.

फिनिशच्या रडगाण्याआधी जे साधलं ते सांगतो. मागच्या वेळी प्रवेशाच्या कापाचा प्रश्न शिल्लक होता: खणाची पोकळी कापायला ब्लेड बाहेरून आत न्यावं लागतं, ती फट नंतर चिकटवून बंद करावी लागते आणि बाहेरून रेघ दिसते. या वेळी ब्लेड थेट मेपलच्या पट्टीतून आत नेलं. 6 मिमी ब्लेडने पट्टीतलं साधारण 1 मिमी लाकूड खाल्लं, तेवढ्याच जाडीची मेपलची पापडी त्या फटीत गोंद लावून सरकवली. रेघ गायब, आणि पोकळीही आकसली नाही. फट नुसती दाबून बंद केली असती तर पोकळी तेवढीच अरुंद झाली असती आणि खण घासूनघासून बसवावा लागला असता. आता खणाभोवती दोन्ही बाजू मिळून दीडेक मिलिमीटर मोकळीक आहे आणि ती सगळीकडे सारखी आहे. फ्लॉकिंग (बारीक तंतूंचं मखमली अस्तर) केल्यावर खडखड राहू नये.

वळणांबद्दल इतकंच, की 6 मिमी ब्लेडला साधारण 16 मिमीपेक्षा लहान त्रिज्येचं वळण झेपत नाही. त्याहून तंग वळणाला 5 मिमीचं ब्लेड लावावं. ते जोर केला की पोटात वाकतं आणि पोकळीच्या भिंती पिंपासारख्या फुगीर निघतात. कोकोबोलोत ब्लेडवर राळ चढते. कडेला काळा थर दिसला की थांबून ब्लेड साफ करायचं, नाहीतर भिंतीवर जळके डाग पडतात. ते डाग पॉलिशपेपरने काढायला लागलं की उष्णता वाढते आणि आडव्या रेघेच्या (जिथे तंतू आडवे कापले जातात त्या बाजूच्या) टोकांना केसासारख्या चिरा जातात. पॉवर सँडरवर कोकोबोलो धरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. म्हणून बाहेरचा आकार हाताने टाचलेल्या दात्यांच्या कानशीवर काढला. मशीनवर दाते पाडलेली कानस स्वस्त पडते, पण ती एका ओळीत चर पाडत जाते आणि ते चर घालवण्यात वाचवलेला वेळ दुपटीने जातो.

आता मूळ दुखणं. वाळणारी तेलं पाण्यासारखी उडून जात नाहीत. ती हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतात आणि ही साखळी फ्री रॅडिकल्सवर (जोडीला आसुसलेल्या चंचल रेणूंवर) चालते. कोकोबोलोच्या गाभ्यात ऑब्टुसाक्विनोनसारखी फिनॉल आणि क्विनोन जातीची द्रव्यं भरपूर असतात. तीच कीड आणि बुरशी दूर ठेवतात, आणि तीच रॅडिकल्स गिळून साखळी तोडतात. पॉलियुरेथेन असो की टंग ऑइल, तेलावर आधारलेलं काहीही थेट लावलं तर कमीअधिक हेच होणार. डाल्बर्जिया घराण्यातली इतर लाकडंही, म्हणजे निरनिराळी रोजवुडं, हा त्रास देतात. कोकोबोलो त्यातलं अट्टल.

‘अ‍ॅसिटोनने पुसून घे’ हा सल्ला हमखास मिळतो. चिकटवण्यापुरता तो बरोबर आहे: 80 नंबरच्या पॉलिशपेपरने घासायचं, अ‍ॅसिटोनने पुसायचं, ते उडालं की पंधरा मिनिटांच्या आत इपॉक्सी लावायची आणि क्लॅम्प हलक्या हाताने आवळायचे. हा ठोकळा तसाच जोडला आहे आणि एकही सांधा उघडलेला नाही. पण तेलाला घट्ट व्हायला दिवस लागतात. तेवढ्या वेळात आतली द्रव्यं पुन्हा वर येतात आणि नुकतं लावलेलं तेलच त्यांना विरघळवून वर खेचतं. शिवाय या डबीत अ‍ॅसिटोनची आणखी एक खोड आहे: पांढरं फडकं पहिल्याच फटक्यात नारिंगी होतं, आणि तो नारिंगी रंग मेपलवर जातो.

चिकट तेल आधी काढावं लागलं. मिनरल टर्पेंटाइन आणि पांढरं नायलॉन पॅड, खोबणींत जुना टूथब्रश, आणि दर दोन मिनिटांनी कोरड्या फडक्याने टिपणं. न जमलेलं तेल टर्पेंटाइनमध्ये सहज सुटतं. शेवटी नॅफ्थाचा हात. नॅफ्था तेलकटपणा उचलतो पण रंगाला जवळजवळ हात लावत नाही, म्हणून मेपलशेजारी अ‍ॅसिटोनपेक्षा तोच बरा. तेलाची फडकी चुरगळून टोपलीत टाकू नका. ती आतल्या आत तापून पेट घेतात. उघडून, सुटी सुटी वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

पुढचा उपाय पाठ्यपुस्तकी आहे: मध्ये लाखेचा थर. लाख स्पिरिट उडून वाळते, तिथे ऑक्सिजनचा संबंध नाही, त्यामुळे लाकडातली द्रव्यं तिचं काही बिघडवू शकत नाहीत. शिवाय ती खालच्या द्रव्यांना वर येऊ देत नाही. लाख मेण काढलेलीच हवी, कारण साध्या चपडीतल्या मेणावर वरचं व्हार्निश नीट धरत नाही. प्रमाण: 100 मिली स्पिरिटला 24 ग्रॅम लाखेची पापडी, म्हणजे जाणकारांच्या भाषेत दोन पौंडांचा कट. रात्रभर मुरू द्यायची, अधूनमधून हलवायची, मग पातळ कापडातून गाळायची. स्पिरिटची बाटली बरेच दिवस उघडी राहिलेली असेल तर ती वापरू नका. त्यात ओल शिरते आणि थर दुधाळ होतो. आपली विरघळवलेली लाख किती जुनी आहे ते लेबलवर लिहा. जुनी झाली की ती काचेवरच्या थेंबातही कडक होत नाही, आणि मग तुम्ही पुन्हा लाकडालाच दोष देत बसाल.

आणि इथे दुसरं संकट. स्पिरिटही कोकोबोलोचा रंग विरघळवतं. पाठीच्या फळीतून निघालेल्या तुकड्यांवर आधी चाचणी घेतली म्हणून डबी वाचली. तुकड्यात तेच थर, तोच सांधा, एक बाजू उभ्या रेघेची आणि एक आडव्या रेघेची. ब्रशने लावलेल्या तुकड्यावर मेपलच्या कडेला दोनेक मिलिमीटरची गुलाबी झालर आली. बोळ्याने लावलेल्यावर झालर नाही, पण सगळी पट्टीच मळकट केशरी. सांध्यातला गोंद रंगाला आतून अडवतो, वरून वाहणाऱ्याला नाही. उभ्या रेघेवरचा डाग स्क्रेपरने एखादी पारदर्शक कात्रण काढली की जातो. आडव्या रेघेत मात्र रंग नळ्यांतून खोल उतरतो आणि कितीही खरवडा, मागे राहतो. या डबीच्या चारही गोलाईंवर पट्टी नेमकी आडव्या रेघेनेच बाहेर येते.

मग फवारणी. तीच लाख निम्मी पातळ केली (100 मिलीला 12 ग्रॅम), एअरब्रशला 0.5 मिमी नोझल, दाब 20 पीएसआयच्या आसपास. तुकडा नोझलपासून 20 सेमी अंतरावर धरून पहिले हात जवळजवळ कोरडे मारायचे. पृष्ठभाग ओला चमकला म्हणजे जास्त झालं, नुसता मंद दिसला पाहिजे. दोन हातांत पाच मिनिटं. असे तीनचार हात झाले की 12 सेमीवर येऊन नेहमीसारखं फवारायचं. सपाटीवर निकाल स्वच्छ. आडव्या रेघेत अजून हलकी झाक, आणि खोबणीच्या तळाशी फवारा साठून थोडं ओघळलंच. (स्पिरिटची वाफ पेटते. जवळ ज्योत नको, तोंडावर वाफेचा मास्क हवा. कोकोबोलोचा भुस्साही त्वचेला आणि श्वासाला अ‍ॅलर्जी आणतो, त्यामुळे घासतानाही मास्क काढू नका.)

चौथ्या तुकड्यावर क्रम उलटा केला आणि गुंता सुटला. आधी फक्त मेपल बंद करायचं: शून्य नंबरचा ब्रश, दोन पौंडी लाख, सांध्याच्या केसभर अलीकडे थांबायचं. आडव्या रेघेवर असे तीन हात, म्हणजे नळ्यांची तोंडं भरतात. नीट वाळलं की मगच सगळ्यावर कोरडी फवारणी. जो थोडा रंग येतो तो आधीच्या लाखेच्या वर बसतो, लाकडात नाही, आणि तिथून तो स्क्रेपरने अलगद निघतो. दोन्ही रेघांवर पट्टी पांढरी राहिली. त्यावर पातळ केलेल्या पॉलियुरेथेनचा एक हात दिला, तो सकाळपर्यंत कोकोबोलोवरही कडक.

एक सापळा राहतो. लाखेचा थर फार पातळ असतो, आणि घडीव डबीच्या उभट कडांवर 400 नंबरचा कागद दोनदा फिरला की तो फुटतो. फुटलेल्या जागी व्हार्निश पुन्हा लाकडाला भिडतं आणि तेवढीच रेघ चिकट राहते. म्हणून लाख आणि व्हार्निशचा पहिला हात यांच्यामध्ये कागद नाहीच, फार तर राखाडी पॅड हलक्या हाताने. कागद दुसऱ्या हातानंतर.

नुसत्या लाखेवरच थांबावं असाही विचार डोकावला, कारण कोकोबोलोवर तिची झळाळी व्हार्निशपेक्षा उजवी दिसते. पण दागिन्यांच्या डबीशेजारी अत्तराची बाटली असणारच, आणि अत्तरातलं अल्कोहोल लाखेला डाग पाडतं. तेव्हा बाहेरून व्हार्निशचे तीन पातळ हात, खणांच्या आत फक्त लाख. बंद खणात तेलाचा वास महिनोन्‌महिने कोंडून राहतो, त्यामुळे आत तेल कोणत्याच लाकडाला नको.

कोकोबोलो घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. मेणात बुडवलेला ठोकळा ‘वाळलेला’ म्हणून विकला जात असला तरी विश्वास ठेवू नका. मेण असतं ते आत ओल आहे म्हणूनच. दोन बाजूंचं मेण खरवडून दर आठवड्याला वजन करा, ते स्थिर झालं की कापा. दुसरं, जानेवारी 2017 पासून डाल्बर्जियाचं अख्खं घराणं साइट्सच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत आहे. (ब्राझिलियन रोजवुड 1992 पासूनच सर्वांत कडक अशा परिशिष्ट 1 मध्ये आहे.) सीमेपलीकडून मागवताना कागद न देणारा विक्रेता सोडून द्यावा, लाकूड कितीही देखणं असो.

पुढची डबी पडौक-मेपलची ठरली होती. हे तुकडे पाहिल्यावर बेत बदलला, कारण रंग सोडण्यात पडौक कोकोबोलोच्याही पुढे आहे आणि त्याचा बारीक लाल भुस्सासुद्धा मेपलच्या रंध्रांत जाऊन बसतो. आता पडौकसोबत वेंगेची पट्टी: काळपट लाकडावर लाल झाक दिसतच नाही. वेंगेला आडव्या रेघेत टवके उडतात आणि त्याची रंध्रं मोठी असतात, तेव्हा नवं धारदार ब्लेड आणि रंध्रं भरायला लाखेचे जादा हात लागतील. हे लिहिता लिहिता सुचलं: भडक केशरी पडौक उजेडात हळूहळू तपकिरी होत जातो, म्हणजे काही वर्षांनी वेंगेशी असलेला फरक बराच मावळेल. पट्टी 3 मिमीऐवजी 5 मिमी केली आणि दोन्ही कडांना पापडीच्या निम्म्या जाडीची मेपलची रेघ दिली तर? मग आधी बंद करायचा भाग फक्त अर्ध्या मिलिमीटरचा उरतो, पण शून्य नंबरचा ब्रश तिथे फार जाड पडेल. तुकड्यावर करून बघतो. ज्यांनी अशी बारीक पांढरी रेघ पडौकशेजारी स्वच्छ ठेवली आहे, त्यांनी मेपलऐवजी होली हे पांढरं लाकूड वापरलं का, आणि बंद कशाने केलं, ते कळवा.