सिंटरक्लास खरा आहे का?

नोव्हेंबर जवळ आला की नेदरलँड्समधल्या मराठी आईबापांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक प्रश्न हमखास येतो: मुलांना सिंटरक्लास खरा आहे असं सांगायचं का? विचारणारे बहुतेक नुकतेच इकडे आलेले असतात, मूल चार वर्षांचं होऊन शाळेत जाऊ लागलेलं असतं. कुणी लिहितं, "मजा आहे हो, करू द्या." कुणी लिहितं, "आम्ही मुलांशी खोटं बोलत नाही." तेवढ्यात कुणीतरी गणपतीच्या फोटोंची लिंक टाकतं आणि विषय वाहून जातो. मला यावर जरा सविस्तर लिहायचं आहे. माझं मत असं की सांगावं, आणि अर्धवट नाही तर मनापासून सांगावं. मात्र सिंटरक्लासचा पोलीस करून मुलांना धाक घालू नये, आणि मुलाने सरळ विचारलं की सरळ उत्तर द्यावं.

ज्यांना हा माणूस माहीत नाही त्यांच्यासाठी: सिंटरक्लास, किंवा नुसता सिंट, म्हणजे सेंट निकोलस, चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा या गावी होऊन गेलेला बिशप. त्याचा सण ६ डिसेंबरचा, पण इथली खरी धामधूम ५ डिसेंबरच्या संध्याकाळी. डच गोष्टीतला सिंट स्पेनमध्ये राहतो. नोव्हेंबरच्या मध्यावर एका शनिवारी तो आगबोटीने येतो, पांढऱ्या घोड्यावरून घरांच्या छपरांवर फिरतो आणि त्याचे मदतनीस, म्हणजे पीट, धुराड्यातून भेटी खाली सोडतात. आपल्या मॉलमधला सांताक्लॉज हा याचाच अमेरिकेत गेल्यावर झालेला अवतार. पण इथे अख्खा देश या गोष्टीत सामील असतो. बोट दरवर्षी नव्या गावी लागते, टीव्हीवर थेट दिसते, आणि त्या गावचा खराखुरा महापौर गळ्यात पदाची साखळी घालून स्वागताला उभा असतो. पुढे ५ डिसेंबरपर्यंत सार्वजनिक वाहिनीवर रोज संध्याकाळी मुलांसाठी सिंटच्या बातम्या लागतात. हे २००१ पासून चालू आहे. दरवर्षी काहीतरी बिनसतं, कधी घोडा सापडत नाही, कधी बोट भरकटते, आणि चार-पाच वर्षांची पोरं काळजीने जेवत नाहीत.

अशा देशात एकट्या घराने "हे सगळं खोटं आहे" म्हणायचं ठरवलं, तर ते ओझं मुलाच्या डोक्यावर येतं. वर्गातल्या पंचवीस मुलांसमोर गप्प राहायचं की सगळ्यांना रडवायचं, हे चार वर्षांच्या जिवाने ठरवायचं का?

आमच्याकडे लेक आपले पावसाळी गमबूट हीटरजवळ ठेवायची, कारण त्यांत जास्त मावतं. बुटात घोड्यासाठी एक गाजर, सिंटसाठी एक चित्र, मग गाणं, मग झोप. ती झोपली की खरं काम सुरू. गाजर सुरीने कापून चालत नाही, कड सरळ येते आणि मुलांना ते लगेच कळतं. ते दाढेखाली धरून कुरतडावं लागतं, आणि दोन-चार तुकडे फरशीवर पडलेले दिसावे लागतात. सकाळी बुटात एखादं संत्रं, सुपारीएवढ्या पेपरनोटन बिस्किटांची मूठ, त्यांचा तो दालचिनी-लवंगेचा वास, आणि कधी तिच्या नावाचं चॉकलेटचं आद्याक्षर. बस, एवढंच. सायकल, टॅब, महागडी खेळणी आमच्या घरी सिंट कधीच आणत नाही. मोठी वस्तू घेतली तर ती आईबाबांनी घेतली असं तिला माहीत असतं.

हे मी मुद्दाम ठरवलेलं आहे. "सिंट बघतोय हं, मोठ्या पुस्तकात लिहून ठेवतो" हे वाक्य इथे सर्रास ऐकू येतं. जुन्या गोष्टीत तर वाईट मुलांना पोत्यात घालून स्पेनला नेत, काटक्यांच्या छडीचा धाक असे. आपल्याकडचा बागुलबुवाच हा, फक्त मिठाई घेऊन आलेला. पण शहाण्या मुलाला भेट मिळते असं एकदा सांगितलं की मूल वर्गात हिशेब मांडतं. शेजारच्या बाकावरच्याला नवी सायकल मिळाली आणि ज्याच्या आईकडे या महिन्यात पैसेच नव्हते त्याला संत्रं मिळालं, तर त्याने स्वतःबद्दल काय समजायचं? घरच्या तंगीला पोराने आपला दोष मानावा, हे मला कुठल्याही सणाच्या नावाखाली चालणार नाही.

या सगळ्यावर सगळ्यात कडक आक्षेप माझ्या बाबांचा होता. बाबा सातारा जिल्ह्यात हायस्कूलला विज्ञान शिकवायचे आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते होते. डॉ. दाभोलकरांच्या साताऱ्यातला माणूस, तो घोडा छपरावरून चालतो हे कसं ऐकून घेणार? व्हिडिओ कॉलवर त्यांनी स्पष्ट विचारलं, "अगं, तू माझी मुलगी ना? मग पोरीला हे काय सांगतेस?"

मी त्यांना त्यांचीच आठवण करून दिली. सुट्टीच्या दिवशी बाबा गावोगाव चमत्कारांचे प्रयोग करायला जायचे, मी पिशवी धरून मागे. त्यातला माझा आवडता पाण्याने पेटणारा दिवा. पणतीत आधीच कॅल्शियम कार्बाइडचा खडा ठेवलेला असतो. वरून पाणी ओतलं की अ‍ॅसिटिलीन वायू निघतो आणि काडी दाखवताच पणती पेटते. ती पेटल्यावर बाबा लगेच गुपित फोडायचे नाहीत. लोकांना बघू द्यायचे, आपापसात बोलू द्यायचे, म्हाताऱ्या बायांना हात जोडू द्यायचे. मग गर्दीतल्या एखाद्या पोराला पुढे बोलवायचे आणि तोच चमत्कार त्याच्या हातून करवून घ्यायचे. "ज्याने स्वतः केला तो पुन्हा फसत नाही," असं ते म्हणायचे. मी म्हटलं, बाबा, मीही तेच करतेय, फक्त माझा प्रयोग चार वर्षं चालणार आहे. ते बराच वेळ बोलले नाहीत. पटलं नव्हतं, पण ऐकून घेतलं.

आणि प्रयोग खरोखर चालला. लेक सात वर्षांची असताना तिने तपास सुरू केला. आपल्या घराला धुराडंच नाही, मग पीट आला कुठून? टीव्हीवरच्या सिंटची दाढी आणि शाळेतल्या सिंटची दाढी वेगळी का? चिठ्ठीतलं अक्षर डब्यावर आई लिहिते तसंच का? ती एकेक शंका मला येऊन सांगायची आणि मी विचारायचे, "तुला काय वाटतं?" तिने जुनी चिठ्ठी आणि वाणसामानाची यादी शेजारी ठेवून "र" जुळवून बघितला. कुठल्या पुस्तकाने तिला पुरावा म्हणजे काय हे इतकं चांगलं शिकवलं असतं?

मग एका रात्री भांडी पुसता पुसता तिने विचारलं, "आई, खरं सांग. तू आणि बाबाच ना?" अशा वेळी पुन्हा "तुला काय वाटतं?" म्हणणं म्हणजे पळवाट. तोवर तो खेळ होता, त्या क्षणानंतर ते खोटं झालं असतं. मी "हो" म्हटलं. ती गप्प झाली, डोळे भरले, आणि मग म्हणाली, "गाजरपण?" गाजर तिचे बाबा खायचे. त्या वर्षी धाकट्याच्या बुटातलं गाजर तिने कुरतडलं, आणि तुकडे कुठे सांडायचे हेही तिनेच ठरवलं.

यापुढची डच रीत मला फार आवडते. साधारण ग्रुप ५ पासून, म्हणजे आठ-नऊ वर्षांची मुलं झाली की, शाळेत चिठ्ठ्या काढतात. ज्याचं नाव निघेल त्याच्यासाठी पुठ्ठा-कागदाची कलाकुसर करून त्यात छोटी भेट लपवायची, आणि सोबत यमक जुळवलेली कविता, खाली सही "सिंट". ज्यांना गुपित कळलं त्यांना बाहेर काढत नाहीत, त्यांना कामाला लावतात. लेकीने पहिल्या वर्षी वर्गमित्राची कविता झाल्यावर एक मराठीतही केली आणि फोटो काढून साताऱ्याला पाठवली:

साताऱ्याच्या आबांना स्पेनहून नमस्कार,
पाण्याचा दिवा बघायला घोडा माझा तयार.

बाबांनी ती वहीत चिकटवली आहे, असं आई सांगते.

एका बाबतीत मात्र बाबांची शंका रास्त होती. काल्पनिक माणूस निरुपद्रवी असतोच असं नाही. पीटला आज आपण ओळखतो ते रूप १८५० मधल्या एका अ‍ॅमस्टरडॅमच्या शिक्षकाच्या चित्रपुस्तकातल्या काळ्या नोकरापासून घडत गेलं. सुरिनामच्या डच वसाहतीत गुलामगिरी कायद्याने संपली ती १८६३ मध्ये. पुढे शंभरहून अधिक वर्षं गोरी माणसं तोंडाला काळा रंग फासून, लाल ओठ आणि कुरळा टोप लावून पीट होत राहिली. माझी लेक पहिल्या वर्षी शाळेत गेली तेव्हा खेळताना एका छोट्या मुलाने तिच्या गालाला बोट लावून विचारलं, "तू पीट आहेस?" त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. संध्याकाळी आंघोळीला तिने मला विचारलं की हा रंग धुतला तर जातो का. मी तिला टॉवेलात गुंडाळून किती तरी वेळ धरून बसले होते.

२०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने नेदरलँड्सला हे बदलायला सांगितलं. २०१९ पासून टीव्हीवरच्या मुख्य आगमनात पीटच्या तोंडावर फक्त काजळीचे फराटे असतात. धुराड्यातून उतरणाऱ्याच्या तोंडावर तेच असणार की. २०२० मध्ये तेव्हाचे पंतप्रधान मार्क रुटे यांनीही आपलं मत बदलल्याचं संसदेत सांगितलं. "मुलांची मजा घालवू नका" अशी ओरड मोठी माणसं करत होती. धाकट्याने काळा पीट कधी बघितलाच नाही, आणि त्याच्या मजेत कणभरही कमी पडलेलं मला दिसत नाही. गोष्ट आपण मोठ्यांनी रचलेली आहे, म्हणजे ती दुरुस्त करणं हेही आपल्याच हातात आहे.

म्हणून नव्याने आलेल्यांना माझं एवढंच सांगणं: बूट ठेवा, गाणं शिका, आगमनाला मुलांना खांद्यावर घेऊन जा. आणि शाळेत पीट कसे रंगवणार आहेत हे ऑक्टोबरमध्येच वर्गशिक्षिकेला विचारा, कारण नोव्हेंबरात सगळं ठरून गेलेलं असतं. मी पाठवलेल्या डच पत्राचा मसुदा माझ्याकडे आहे, हवा असेल त्याने मागून घ्यावा.