संपाच्या वर्षातली राणीची बाग

१९८२च्या जानेवारीत मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी तिसरीत होते. बाबा साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात होते. भोंगा थांबला आणि त्यांना घरात बसवेना. चाळीच्या गॅलरीत जो तो दुसऱ्याला "काय खबर?" एवढंच विचारायचा. मग ते मला आणि धाकट्या भावाला घेऊन काळाचौकीहून चालत राणीच्या बागेत जायला लागले.

त्याआधी बाग म्हणजे मे महिन्यात गावाहून पाहुणे आले की वाघ-सिंह बघायचे, हत्तीवर बसायचं आणि भेळ खाऊन परतायचं. आता भेळेला पैसे नव्हते, हत्तीवर बसायलाही नव्हते. बाबांनी आम्हाला दगडी हत्ती दाखवला, म्युझियमच्या बाहेरचा. हा मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ साली इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले, तर उचलतानाच तो पडून फुटला. तुकडे या बागेत आले आणि १९१४मध्ये सांधले गेले. बाबा त्या सांध्यांवरून अंगठा फिरवायचे, सावकाश, साच्यावरचा तुटलेला धागा चाचपावा तसा. "बघ, कुठे जोडलाय ते कळतं," म्हणायचे.

पण त्यांचा खरा जीव झाडांत. १८६२ साली बाग उघडली तेव्हापासून देशोदेशीची झाडं इथे लावली गेली. खोडांवरच्या पाट्या बाबा मोठ्याने वाचायचे, आमच्याकडून म्हणून घ्यायचे. गोरखचिंच. उर्वशी. आणि कैलासपती, ज्याची फुलं फांदीच्या टोकाला न येता थेट खोडातून फुटतात. खाली पडलेलं एक फूल त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं होतं. जाडजूड गुलाबी पाकळ्या, मधे पिंडी आणि तिच्यावर वाकलेला नागाचा फणा. बाबांनी फणा बोटाने हलकेच उचलला, भावाला आत नाक घालायला सांगितलं. तो वास दिवसभर त्याच्या नाकाला चिकटून होता.

संप मिटला असं कुणी कधी सांगितलंच नाही. बाबा पुढे एका सोसायटीत वॉचमन झाले.

२००७च्या सुमाराला बागेचं परदेशी धर्तीचं प्राणिसंग्रहालय करायची योजना आली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. काही नागरिकांनी, त्यात बायकाच पुढे, झाडं मोजली, त्यांची नोंद केली, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. ती योजना त्या रूपात काही आली नाही. मी त्यांच्यात नव्हते. तरी त्यांचे उपकार मी आयुष्यभर मानीन.

गेल्या महिन्यात भाच्याला पेंग्विन बघायचे होते म्हणून गेलो. गर्दी खूप होती, पण पेंग्विन त्याला आवडले. परत येताना त्याला कैलासपतीखाली नेलं. एक ताजं फूल पडलेलं होतं. त्याने फण्याखाली बोट घालून बघितलं आणि म्हणाला, "आत्या, हे बाबाला नेऊ?"

डब्यातून घेऊन गेलो. घरी पोचल्यावर भाच्याने पाठीमागे लपवून झाकण उघडलं. भाऊ पेपर वाचत होता. मान वर न करताच त्याने विचारलं, "राणीच्या बागेत गेला होतात?"