डॉक्टर, 'लग्न झालंय का' हे विचारून नक्की काय कळतं?

आपल्याकडे गायनॅककडे गेलं की वजन, बीपी झाल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला, लग्न झालंय का. विचारायचं असतं भलतंच, म्हणजे सेक्स करता का, हे दोघांनाही माहीत असतं. पण 'नाही' म्हटलं की विषय संपला, पॅप स्मिअर (गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी) नाही, एसटीआयच्या, म्हणजे सेक्समधून पसरणाऱ्या इन्फेक्शनच्या, टेस्ट नाहीत, सोनोग्राफीसुद्धा पोटावरूनच. आता यात माझ्यासारखं नॉन-बायनरी, म्हणजे स्वतःला फक्त बाई किंवा फक्त पुरुष न मानणारं, माणूस गेलं की आणखी मजा, रिसेप्शनवरची ताई आधी 'दादा, पेशंट कुठंय?' विचारते, मग फाइल बघते, मग परत मला वरपासून खालपर्यंत, आणि तोवर अख्खी वेटिंग रूम वळून बघत असते. म्हणून आमच्यातले कितीतरी जण खाज, जळजळ, इन्फेक्शन सगळं अंगावर काढतात. गर्भाशयाचं तोंड शरीरात आहे ना, मग तपासणी लागतेच, तुम्ही स्वतःला काहीही म्हणा आणि पार्टनर कुणीही असो.

आमच्यातले काही जण शरीर पुरुषासारखं व्हावं म्हणून टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन, आमच्या भाषेत 'टी') घेतात, त्यांच्यात एक समज तर फारच घट्ट बसलाय, पाळी थांबली म्हणजे आता दिवस राहणार नाहीत. अरे बाबांनो, राहू शकतात! टी हे गर्भनिरोधक नाही. शिवाय त्याने योनीत कोरडेपणा येतो, सेक्स करताना दुखतं, आणि मग वाटत राहतं की आपल्यातच काहीतरी बिघडलंय. साधं ल्युब्रिकंट, गरज पडली तर डॉक्टरांनी लिहून दिलेलं इस्ट्रोजेनचं क्रीम, असे उपाय आहेत, पण विचारायचं कुणाला? (आणि छाती सपाट दिसावी म्हणून क्रेप बँडेज गुंडाळणं प्लीज बंद करा, श्वास घ्यायला त्रास होतो, बरगड्यांची वाट लागते. बाइंडर, म्हणजे छाती दाबून बसवणारा खास कपडा, तोसुद्धा झोपताना काढायचा.)

डोक्याचं काय म्हणाल तर तिथेही तेच. काउन्सेलरला पहिली काही सेशन्स मीच शिकवायचं, नॉन-बायनरी म्हणजे काय, आणि फी पण मीच भरायची. वर 'घरच्यांचं ऐकून बघा ना' हे फुकट. डब्ल्यूएचओच्या आयसीडी-11 मध्ये, म्हणजे 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत, जेंडरचा हा विषय मानसिक आजारांतून काढून लैंगिक आरोग्यात टाकलाय. त्याच वर्षी नॅशनल मेडिकल कमिशनने कन्व्हर्जन थेरपी, म्हणजे माणसाचं जेंडर किंवा लैंगिक कल 'बदलण्याचे' उपचार, हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे असंही सांगितलं. म्हणजे 'बरं करून देतो' म्हणणाऱ्या डॉक्टरची मेडिकल काउन्सिलकडे तक्रार करता येते. पण आईवडीलच हाताला धरून तिथे नेतात तेव्हा विसाव्या वर्षी कोण तक्रार करणार, मला सांगा.

आपण मात्र आत गेल्या गेल्या बोलून टाकावं असं माझं मत. लग्न नाही, सेक्स आहे, अमुक प्रकारचा आहे, अमुक औषध चालू आहे. समोरचा गडबडतो, गडबडू दे.

आणि रात्री फारच झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावा, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. जेंडरचं समजणारंच कुणी उचलेल याची गॅरंटी नाही, नाहीच पटलं तर ठेवून द्यायचा आणि थोड्या वेळाने परत लावायचा.