शाबानातला हिशेब

रमजानच्या आधीच्या शाबान महिन्याचा चंद्र दिसला की आमच्या कर्नाटकातल्या निपाणी भागातल्या मुसलमान घरांतून रमजानच्या तयारीची बोलणी सुरू होतात, आणि ती बहुधा स्वयंपाकघरात सुरू होऊन तिथेच संपतात. सहरीला, म्हणजे रोजाआधीच्या पहाटेच्या जेवणाला, काय करायचे, खजूर आताच भरून ठेवावेत की भाव उतरण्याची वाट पाहावी, यातच पंधरवडा निघून जातो. यात वावगे काही नाही. परंतु कुरआनच्या दुसऱ्या सूरेतील 183 वी आयत रोजाचा हेतू तकवा, म्हणजे अल्लाहचे भान ठेवून स्वतःला सांभाळणे, असा सांगते, आणि त्या हेतूची तयारी डबे भरून होत नाही. माझ्या मते ती तयारी मुख्यतः देणी फेडण्याची आहे, मग ती अल्लाहची राहिलेली असोत की माणसांची.

रमजान सोडला तर पैगंबर मुहम्मद सल्लल्लाहु अलैहि व सल्लम सर्वाधिक रोजे शाबानमध्ये ठेवत, असे त्यांच्या पत्नी हजरत आयेशा यांनी सांगितल्याचे बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या व आचरणाच्या संग्रहांत, आहे. नसाईच्या संग्रहात पैगंबरांचे सहकारी हजरत उसामा बिन जैद यांनी याचे कारण विचारल्याची हदीस येते. रजब आणि रमजान यांच्यामधल्या या महिन्याकडे लोकांचे दुर्लक्ष होते, याच महिन्यात माणसाची कर्मे रब्बापुढे मांडली जातात, आणि ती मांडली जाताना आपण रोजाने असावे अशी आपली इच्छा आहे, असा त्या उत्तराचा आशय आहे. तंबाखूच्या पेठेत वाढलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही, कारण वखारीतल्या वह्यांचे हिशेबही वर्ष संपण्याआधीच मिळवावे लागतात.

पहिले देणे कजा रोजांचे. आजारपणात किंवा प्रवासात सुटलेले रोजे नंतर भरून काढावे लागतात. मासिक पाळीच्या दिवसांतल्या नमाजा स्त्रियांना माफ आहेत, रोजे मात्र माफ नाहीत. माझी आई यासाठी एका पत्र्याच्या डबीत चिंचोके ठेवीत असे. रमजानमध्ये रोजा सुटला की एक चिंचोका डबीत पडे आणि पुढे थंडीच्या लहान दिवसांत कजा रोजा ठेवला की तो निघे. शाबान लागला की ती डबी कानाशी धरून हलवून पाही आणि आवाज आला तर त्या आठवड्यात घरात कोणाला न सांगता पहाटेच उठून बसे. हजरत आयेशा यांचेही राहिलेले रोजे शाबानमध्येच पुरे होत, हे मी फार नंतर वाचले. ज्यांना वयामुळे किंवा कायमच्या दुखण्यामुळे रोजा शक्यच नाही, त्यांच्यासाठी फिदया आहे, म्हणजे एका रोजामागे एका गरिबाचे दोन वेळचे जेवण.

शरीराच्या सवयीही याच महिन्यात सोडवाव्या लागतात, आणि आमच्याकडे तंबाखू ही त्यातली सर्वांत अवघड गोष्ट आहे. पुरुषांच्या विडीबद्दल पुष्कळ बोलले जाते. बायकांच्या मिश्रीबद्दल कोणी बोलत नाही. माझ्या चाचीला सकाळ, दुपार, संध्याकाळ मिश्री लावल्याशिवाय चैन पडत नसे, आणि रमजानच्या पहिल्या आठवड्यात तिची डोकेदुखी व चिडचिड सगळ्या घराला भोवत असे. मग ती शाबान लागताच दुपारची मिश्री बंद करू लागली. रोजा हा जिभेचाही असतो. खोटे बोलणे आणि तसे वागणे जो सोडत नाही त्याने अन्नपाणी सोडण्याची अल्लाहला काही गरज नाही, असे बुखारीच्या हदीसमध्ये स्पष्ट आहे. तलफेने पिसाळलेल्या माणसाला ही जीभ आवरत नाही, म्हणून मिश्रीची डबी बाजूला ठेवणे ही माझ्या दृष्टीने अध्यात्माचीच बाब आहे.

कुरआनाचेही तसेच आहे. तरावीहमध्ये, म्हणजे रमजानच्या रात्रीच्या विशेष नमाजेत, कुरआन तोंडपाठ असलेले हाफिजसाहेब त्याचे तीस पारे (भाग) पढतात आणि आम्ही मागे उभे राहून ऐकतो. आमच्या घरात दखनी चालते, मशिदीतले बयान (प्रवचन) उर्दूत होते, सरकारी कागद कन्नडात येतो आणि माझे शिक्षण मराठी शाळेत झाल्यामुळे अर्थ मात्र मराठीतच मनात उतरतो. म्हणून रात्री जे ऐकायचे त्याचा मराठी अनुवाद शाबानमध्येच थोडाथोडा वाचून ठेवावा, असे मी तरुणांना सांगतो. रमजानमध्ये त्याला सवड मिळत नाही.

सर्वांत जड देणे माणसांचे. शब-ए-बरातच्या, म्हणजे शाबानच्या मध्यावरच्या रात्रीच्या, विशेष इबादतीबाबत (उपासनेबाबत) विद्वानांत मतभेद आहेत आणि त्यात मी पडत नाही. मुस्लिम यांच्या संग्रहातली एक हदीस मात्र निःसंदिग्ध आहे: सोमवारी आणि गुरुवारी क्षमा केली जाते, पण ज्या दोघा भावांत वैर आहे त्यांचा समेट होईपर्यंत त्यांना थांबवून ठेवले जाते. आमच्या भागात भाऊबंदकीचे मूळ बहुतेक वेळा शेताच्या बांधात, नाहीतर उसाच्या पाण्याच्या पाळीत असते. दोन चुलतभाऊ नमाजेच्या एकाच सफेत (रांगेत) खांद्याला खांदा लावून तरावीह पढतात आणि शेवटचा सलाम फिरवून नमाज संपल्यावर एकमेकांकडे न बघता आपापल्या चपला शोधू लागतात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. बांधाचा निकाल कोर्टात लागेल तेव्हा लागेल. बोलणे सुरू करायला कोर्टाची तारीख लागत नाही.

शेवटी पैशाचे. गरजा आणि कर्ज वजा जाता सुमारे 612 ग्रॅम चांदीच्या किमतीइतकी मालमत्ता ज्याच्याकडे चांद्र वर्षभर राहिली, त्याच्यावर अडीच टक्के जकात, म्हणजे गरिबांसाठीचे बंधनकारक दान, येते. पुण्य अधिक म्हणून बहुतेक जण ती रमजानमध्ये काढतात, तेव्हा हिशेब आधीच करून ठेवावा. परंतु विडी वळणाऱ्या बाईची थकलेली मजुरी, ऊसतोडणीच्या टोळीचे राहिलेले पैसे, कोपऱ्यावरच्या दुकानातली उधारी ही देणी आहेत आणि ती जकातीच्या पाकिटात घालून देता येत नाहीत. मजुराचा घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी अशी पैगंबरांची शिकवण आहे, त्यामुळे हे पैसे ईदेची वाट न पाहता शाबानमध्येच हातावर ठेवावेत. म्हणजे त्या बाईच्या घरातही सहरीचे सामान वेळेवर भरले जाईल, आणि ती हिंदू असेल तर सध्या रमजानच्या आसपासच येणाऱ्या शिमग्याचा तिचा बाजार होईल.