साठीची आवृत्ती घ्यायची का? तुम्ही विचारलंत म्हणून

गाण्याच्या एखाद्या नावाजलेल्या अल्बमला पन्नास किंवा साठ वर्षं झाली की कंपनी नवा संच काढते आणि इकडे माझा फोन वाजायला लागतो. ‘ताई, घेऊ का? की मूळ प्रत शोधू?’ नाशिकच्या कॉलेज रोडवरची मुलं विचारतात, नाशिकरोडचे निवृत्त लोक विचारतात, ज्यांच्याकडे जुनी प्रत आहे तेही विचारतात. ‘घ्या’ म्हटलं तर ‘म्हणजे जुन्यात काही राहिलं नाही?’ आणि ‘नका घेऊ’ म्हटलं तर ‘मग तुमच्या कपाटात एकाच अल्बमच्या दोन-दोन प्रती कशा?’ दोन्हीकडून ऐकून घेऊन मी थकले आहे, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

अमेरिकन गायक फ्रँक सिनात्राचा १९५८ चा ‘ओन्ली द लोनली’ घ्या. हॉलिवूडचा कॅपिटॉल कंपनीचा स्टुडिओ, नेल्सन रिडलचं वाद्यसंयोजन. तेव्हा खप मोनोचा होता, म्हणजे सगळा आवाज एकत्रच येणार. डाव्या-उजव्या बाजूंना वेगवेगळा आवाज देणारा स्टीरिओ नुकता येत होता, म्हणून त्याच गाण्यांना स्टीरिओसाठी वेगळे माइक लावले होते. मोनोच्या एलपीवर, म्हणजे लांब चालणाऱ्या तबकडीवर, १२ गाणी आली. स्टीरिओच्या पहिल्या एलपीवर १०च, दोन वगळली. आता मूळ प्रत कुठली म्हणायची? २०१८ साली साठीनिमित्त आलेल्या सीडीच्या संचात मोनो होतंच, शिवाय जुन्या टेपांवरचे आवाज पुन्हा जुळवून नव्याने केलेलं स्टीरिओ मिश्रण होतं. एका सीडीवर १९५८ च्या श्रोत्याने ऐकलं ते, दुसरीवर त्या श्रोत्याने कधीच न ऐकलेलं. यावर हो की नाही एवढंच उत्तर मी कसं देऊ?

या संचामुळे जे झालं ते सांगते. माझ्या ओळखीचे नाना माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे, आयुष्यभर छपाईच्या नोकरीत. देवळाली कॅम्पातल्या एका पारशी बंगल्यातलं सामान विकायला निघालं तेव्हा त्यांनी ज्या तबकड्या उचलल्या, त्यांत या अल्बमची मोनो एलपी होती. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं, ‘वन फॉर माय बेबी’, त्यांचं सर्वांत लाडकं, आणि नेमकं तेच सर्वांत झिजलेलं. तबकडी जसजशी आत जाते तसतसं एका फेऱ्यात सुईला कमी अंतर मिळतं. तेवढाच आवाज तिथे दाटीवाटीने बसतो, आणि झीज आधी तिथेच ऐकू येते. साठीचा संच आला तेव्हा मी तो नानांसाठी मागवला. महाग पडला, पण मला तो त्यांना द्यायचाच होता. नवं स्टीरिओ लावून दिलं. ‘नाना, वाद्यं कशी सुटी झालीत बघा,’ म्हटलं. ‘छान आहे गं,’ म्हणाले. पुढे कधीही विचारलं की ‘ऐकतो ना, ऐकतो.’

मग एकदा काकू मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, ‘ते रात्री ती जुनी खरखरणारीच लावतात. तुला वाईट वाटेल म्हणून बोलत नाहीत.’

वाईट वाटलंच. रागही आला. तशीच परत आत गेले. ‘नाना, खरं सांगा.’ ते बराच वेळ संचाचं वेष्टन हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, ‘गाणारा आहे गं. स्वच्छ आहे. पण त्याच्यामागची माणसं कमी झाली.’ मला वाटलं, सवयीचा परिणाम असेल. मी माइक, मिश्रण, टेप असं बोलत सुटले आणि ते ऐकत होते, उजवा कान माझ्याकडे करून.

तेव्हा उलगडा झाला. डावा कान त्यांचा पन्नाशीतच गेला होता, आणि घर लहान म्हणून रात्री ते हेडफोनवर ऐकत. मी हेडफोन घातला, डावी बाजू कानामागे सरकवली आणि तीच नवी सीडी लावली. सिनात्राचा आवाज मध्यभागी ठेवलेला, तो आला. वाद्यवृंदाची डावी बाजू गेलेली. ज्या ऐसपैसपणाचं मी सगळ्यांजवळ कौतुक करत होते, त्यानेच नानांचा अर्धा वाद्यवृंद नेला होता. मग संचातली मोनोची सीडी लावून हेडफोन त्यांना दिला. सगळी वाद्यं परत आली, शिवाय खरखर नाही. शेवटचं गाणं त्यांनी लागोपाठ दोनदा ऐकलं आणि विचारलं, ‘हे यात होतं, तर तू आधी ते का लावलंस?’

मी काहीच बोलले नाही. जुनंच ऐकवायचं तर नवा संच कशाला आणला, असं माझ्या मनात होतं, आणि ते त्यांना सांगण्यासारखं नव्हतं.

कुणी म्हणेल, अ‍ॅम्प्लिफायरवर मोनोचं बटण असतं, ते दाबायचं. जरूर दाबा. पण स्टीरिओच्या दोन बाजू एकत्र केल्या म्हणजे १९५८ चं मोनो तयार होत नाही. त्याचे माइक वेगळे होते, तोल वेगळा होता.

नानांच्या या प्रसंगाआधी मी प्रत्येकाला सांगत असे की नवं मिश्रण घ्या, जुन्या प्रतीच्या मागे धावू नका. तशी बोलणारी मी आजही मला खोटी वाटत नाही. चांगल्या दोन स्पीकरांसमोर बसलं की त्या मिश्रणात रिडलने कुठे कुणाला थांबवलंय ते कळतं. आणि जुनं म्हणजे अस्सल, हा समज तर मला अजिबात मान्य नाही. १९६० च्या दशकात कॅपिटॉलने मोनो अल्बमांना ‘ड्युओफोनिक’ नावाखाली कृत्रिम स्टीरिओ करून विकलं. त्या प्रतीही आता जुन्या दिसतात, जुन्या वासाच्या असतात, आणि त्यांच्यावर पैसे घालवणारे भेटतात. जाड म्हणजे चांगली, असं समजून लोक १८० ग्रॅमची तबकडी घेतात, त्याचंही तेच. नानांचं त्यावरचं मत मला पुरतं: ‘कागद जाड घेतला म्हणून छपाई सुधारत नाही.’

अ‍ॅनालॉगचा, म्हणजे टेपपासून तबकडीपर्यंत आवाज कुठेही डिजिटल न करण्याचा, आग्रह धरणाऱ्यांनी २०२२ आठवावं. मोबाइल फिडेलिटी या अमेरिकन कंपनीच्या ज्या तबकड्या लोक संपूर्ण अ‍ॅनालॉग समजून घेत होते, त्यांतल्या अनेकांच्या निर्मितीत डिजिटल टप्पा होता आणि तो कित्येक वर्षं होता, हे तेव्हा उघड झालं. तोवर त्यांचीच वाहवा चालली होती. फसवलं गेल्याचा राग रास्त आहे, खरेदीदाराला खरं सांगायलाच हवं. पण कान काय सांगत होते, याचाही विचार रागावलेल्यांनी करावा.

आणि काही आवाज पुनर्मुद्रणाशिवाय आपल्यापर्यंत येणारच नाहीत. शास्त्रीय गायक द. वि. पलुस्कर नाशकात १९२१ साली जन्मले आणि १९५५ साली, पस्तिशीच्या आत गेले. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या त्या काळच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं, आणि लाखेची तबकडी हातातून पडली की संपली. त्यांचं गाणं कुणी पुन्हा काढलं तर मी वेष्टनही बघणार नाही, लगेच घेईन. फक्त खरखर काढण्याच्या नादात आवाज घासून टाकलेला नसावा. जोरात गाळलं की खरखरीबरोबर तानपुऱ्याच्या तारांची गुंजणारी जवारी जाते, आणि गाणं पोकळीत गायल्यासारखं वाटतं. हे मला सहन होत नाही.

विकत घेऊन सील न फोडणाऱ्यांनी मला विचारू नये. त्यांना भाव हवा असतो, तो मला कळत नाही.

१९५६ च्या दोन अल्बमांची सत्तरी २०२६ मध्ये येते: सिनात्राचा ‘साँग्ज फॉर स्विंगिंग लव्हर्स’ आणि अमेरिकन गायिका एला फिट्झजेराल्डने गायलेली संगीतकार कोल पोर्टरची गाणी. दोन्ही मोनोतच ध्वनिमुद्रित झालेले. तुम्ही विचारालच, तेव्हा मीही विचारेन: कुठल्या टेपवरून काढलंय, मिश्रणाला कुणी हात लावलाय, तुम्ही स्पीकरवर ऐकता की हेडफोनवर, आणि दोन्ही कानांनी ऐकू येतं ना. या शेवटच्या प्रश्नाचा लोकांना राग येतो. येऊ दे. एलाचा नवा संच निघाला तर मी बहुधा घेईन. सिनात्राचा निघाला तर आधी नानांना ऐकवेन, आणि या वेळी ते ‘छान आहे’ म्हणाले तरी लगेच विश्वास ठेवणार नाही.