बागेतला खांब आणि अर्धा सूर्य
डेन्मार्कमधल्या आरहूस शहराच्या बाहेर आम्ही बागेचा एक तुकडा घेतलाय. त्यात लाकडी खोपट, आणि खोपटापुढे पांढरा उंच खांब. वाढदिवस असो की नातवाचा निकाल, डॅनिश माणूस आधी झेंडा चढवतो आणि मग केक कापतो. हे ऐकून बाबांनी नांदेडहून खादीचा तिरंगा पाठवला. 15 ऑगस्टला चढवायचा, ठरलं.

21 जूनला शेजारच्या आजोबांच्या खांबावर वेगळाच झेंडा दिसला. (इथे सगळे त्यांना नावाने हाक मारतात. माझी जीभ वळत नाही.) वरची पट्टी पांढरी, खालची लाल, आणि खांबाकडे जरा सरकलेलं वर्तुळ, वरून लाल, खालून पांढरं. कुठल्यातरी क्लबचा असेल, म्हटलं. आजोबा हसले. आरहूसमधल्या एका रोइंग क्लबचा झेंडा खरंच जवळजवळ असाच आहे म्हणे, आणि तो ह्याच्या आधीचा. पण हा ग्रीनलंडचा, डेन्मार्कच्याच राज्यातल्या त्या बर्फाळ बेटाचा. आजी तिकडच्या, इलुलिसातच्या.

मी उत्साहाने तिरंग्याचं सांगितलं. आजोबा गप्प झाले. मग म्हणाले, "खांबावर नाही चालणार."

1 जानेवारी 2025 पासून कायदाच आहे. खांबावर डॅनिश झेंडा, शिवाय ग्रीनलंड, फेरो बेटं, बाकीचे नॉर्डिक देश आणि जर्मनी. जर्मनी! ज्यांनी 1940 ते 45 हा देश ताब्यात ठेवला, त्यांचा चालतो; आमचा, ज्यांनी ह्यांचं काही वाकडं केलं नाही, त्यांचा नाही. गंमत म्हणजे हे सगळं सुरू झालं अमेरिकेच्या झेंड्यावरून. तो लावणारा एक माणूस 2023 मध्ये सुप्रीम कोर्टातून निर्दोष सुटला, म्हणून नवा कायदा. आणि आता तीच अमेरिका ग्रीनलंड मागतेय.

बराच वेळ धुसफुसत होते. मग आठवलं, आपल्याकडे तरी 2002 पर्यंत सामान्य माणसाला स्वतःच्याच घरावर रोज तिरंगा लावायची मुभा कुठे होती? पण तो आपल्याच झेंड्याचा मान राखायचा धाक होता. ही गोष्ट वेगळी. वेगळीच आहे.

आजींनी कॉफी ओतली आणि विषय त्यांच्या झेंड्यावर नेला. नाव एर्फालासोर्पुत, म्हणजे 'आमचा झेंडा'. थुए क्रिस्टियानसेन नावाच्या शिक्षकाने आखला. स्वतःचा झेंडा हवा म्हणून नमुने मागवले तर 555 आले, आणि तरी एकमत होईना. शेवटी 1985 मध्ये तिथल्या संसदेत 14 विरुद्ध 11 मतांनी हा जिंकला. हरला तो हिरवा-पांढरा, क्रॉसवाला. म्हणजे डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे सगळ्यांच्या झेंड्यावरचा तो क्रॉस ह्यांनी नाकारला, रंग मात्र डेन्मार्कचेच ठेवले. मला हे फार आवडलं. घरातून वेगळं निघताना आईची दोन पातेली घेऊन जावं तसं.

वरचा पांढरा म्हणजे बर्फ, बेटाचा जवळपास 80 टक्के भाग झाकणारा. खालचा लाल म्हणजे समुद्र. वर्तुळाचा पांढरा अर्धा म्हणजे हिमनग, आणि लाल अर्धा म्हणजे सूर्य. मावळता ना, मी विचारलं. आजींनी मूठ टेबलाखाली नेली आणि कडेवरून हळूच वर काढली. नुसती बोटांची पेरं दिसली.

"तेरा जानेवारीला एवढाच."

इलुलिसातला नोव्हेंबर सरता सरता सूर्य जातो तो थेट 13 जानेवारीच्या सुमारास परततो. गाव टेकडीवर चढून त्याची वाट बघतं, पोरं गाणी म्हणतात, तो काही मिनिटं डोकावतो आणि पुन्हा बुडतो. दुसऱ्या दिवशी आपली संक्रांत. त्याच सूर्यासाठी आपण तीळगूळ वाटतो, आणि तो तर आपल्याकडे एक दिवस गैरहजर नसतो. पावसाळा सोडा.

पोलिसांकडे अर्ज केला तर परवानगी मिळू शकते, असं आजोबा दोनदा म्हणाले. मी नाही करणार. स्वतःच्या बागेत तिरंगा लावायला परक्या पोलिसाची चिठ्ठी? त्यापेक्षा घडी कपाटात बरी. आणि खरं तर 15 ऑगस्टला इथे पाऊसच असतो बहुतेक.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. दर रविवारी विचारतात, "खांब किती फुटी आहे गं? फोटो पाठव."