एसएफटीपी: ‘परमिशन डिनाइड’ आलं की लगेच नवीन की बनवू नका

२० एमबीपीएसच्या अपलोडवर ३६ जीबी चढवायला चार तास लागतात. तेवढेच लागले. पण त्याआधी ‘परमिशन डिनाइड, पब्लिककी’ या एका ओळीपाशी चार दिवस गेले आणि चारही दिवस पलीकडच्या सपोर्ट डेस्कचं उत्तर एकच: तुमची की चुकली आहे, नवीन बनवून पाठवा. की, म्हणजे पासवर्डऐवजी ओळख पटवणाऱ्या दोन फाइलींची जोडी, चुकलेली नव्हती. पहिल्या दिवशी पाठवलेली कीच शेवटी चालली.

काम साधं होतं. जुन्या दप्तरांच्या स्कॅन केलेल्या टिफ फाइली एका संस्थेच्या सर्व्हरवर ओपनएसएसएच (सर्व्हरशी कूटबद्ध जोडणीची साधनं) यातल्या एसएफटीपी या फाइली पाठवायच्या आज्ञेने टाकायच्या. पासवर्ड बंद, फक्त की चालणार, पोर्ट नेहमीच्या २२ ऐवजी २२२२. आज्ञा इथे देवनागरीत लिहितो आहे. टर्मिनलवर त्या रोमनमध्ये टंकायच्या, आणि जिथे मोठं अक्षर म्हटलंय तेवढंच मोठं.

की दोन मिनिटांत होते: ‘एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९’, मग पासफ्रेज, म्हणजे त्या कीला लावायचा परवलीचा मजकूर. दोन फाइली मिळतात. ‘.पब’ शेपटाची पाठवायची. बिनशेपटाची कुणालाही द्यायची नाही, सपोर्ट डेस्कने मागितली तरी नाही.

आता ती ओळ. ती आली की आधी ‘एसएफटीपी -व्ही’ने पुन्हा जोडून बघा. पानभर मजकूर येतो, त्यातल्या दोनच ओळी कामाच्या. एक ‘ऑफरिंग पब्लिक की’ने सुरू होते, तिच्यात फाइलचं नाव आणि ‘शा२५६’ने सुरू होणारा फिंगरप्रिंट, म्हणजे कीची छोटी ओळखखूण, असतो. तुमच्या कीसाठी ही ओळच नसेल, तर चूक तुमच्याकडे आहे: बहुतेक वेळा फाइल वेगळ्या नावाची किंवा वेगळ्या जागी असते आणि ‘-आय’ने तिचा पत्ता दिलेला नसतो. ओळ आहे, पण तिच्यामागोमाग ‘सर्व्हर ॲक्सेप्ट्स की’ न येता ‘ऑथेंटिकेशन्स दॅट कॅन कंटिन्यू’ आलं, तर की सर्व्हरपर्यंत पोहोचली आणि सर्व्हरने ती नाकारली. खात्याचं नाव बरोबर टाकलं असेल, तर इथून पुढे आपल्या मशीनवर काही करून सहसा उपयोग नाही.

‘अनप्रोटेक्टेड प्रायव्हेट की फाइल’ अशी मोठ्या अक्षरांतली चौकट दिसली तर ते प्रकरण निराळं. खासगी कीवर ‘चमॉड ६००’ केलं, म्हणजे ती फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी परमिशन दिली, की संपतं. विंडोजमधल्या लिनक्स सबसिस्टममध्ये मात्र की सी ड्राइव्हवर ठेवलेली असेल तर चमॉड चालल्यासारखं दिसतं आणि परमिशन ७७७ च, म्हणजे सगळ्यांना मोकळी, राहते. की लिनक्सच्या होम फोल्डरमधल्या ‘.एसएसएच’मध्ये कॉपी करून तिथे चमॉड करायचं.

सर्व्हरने नाकारलं म्हणजे की चुकली, असं सपोर्ट डेस्क धरून चालतं. ते तपासायची सोपी रीत आहे आणि ती वापरायला पलीकडचे लवकर तयार होत नव्हते, याचा राग अजून गेलेला नाही. ‘एसएसएच-कीजेन -एल -एफ’ ही आज्ञा आपल्या ‘.पब’ फाइलवर चालवा. तीच त्यांना त्यांच्याकडच्या ‘ऑथराइज्ड_कीज’ फाइलवर, म्हणजे आपल्या खात्याला चालणाऱ्या कीच्या यादीवर, चालवायला सांगा. दोन्हीकडे फिंगरप्रिंट तोच आला तर कीचा विषय संपला. वेगळा आला किंवा आलाच नाही, तर की चिकटवताना मोडली आहे. ईडी२५५१९ ची ओळ शेवटचं नाव सोडूनही ८० अक्षरांची असते. मेलच्या मजकुरात टाकली की बरेचदा मध्येच तुटते, आणि त्या फाइलमध्ये एक की एकाच सलग ओळीत असावी लागते. म्हणून ‘.पब’ फाइल जोडपत्र म्हणूनच पाठवा.

आमच्या बाबतीत फिंगरप्रिंट तंतोतंत जुळला. तरीही उत्तर आलं, नवीन की पाठवा.

खरं कारण होतं सर्व्हरवरच्या आमच्या होम फोल्डरची परमिशन. कुणीतरी ती ७७५ केली होती, म्हणजे मालकाखेरीज गटातल्यांनाही तिथे लिहिता येत होतं. ओपनएसएसएचमध्ये ‘स्ट्रिक्टमोड्स’ हा पर्याय मुळातच चालू असतो: होम फोल्डर, ‘.एसएसएच’ आणि ‘ऑथराइज्ड_कीज’ यांपैकी कशावरही गटातल्या किंवा इतर कुणाला लिहिता येत असेल, तर की बरोबर असली तरी नाकारली जाते. नियम योग्यच आहे. होम फोल्डरमध्ये लिहू शकणारा माणूस ‘.एसएसएच’चं नाव बदलून त्या जागी स्वतःच्या कीचा फोल्डर ठेवू शकतो.

पण नाकारण्याचं हे कारण बाहेरून जोडणाऱ्याला सांगितलं जात नाही. ते फक्त सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलमध्ये, पडतं: ‘ऑथेंटिकेशन रिफ्यूज्ड: बॅड ओनरशिप ऑर मोड्स फॉर डिरेक्टरी’, पुढे फोल्डरचं नाव. उबुंटू-डेबियनवर ही ओळ सहसा ‘ऑथ.लॉग’मध्ये, रेड हॅट घराण्यात ‘सिक्युअर’ नावाच्या लॉगमध्ये मिळते. त्यामुळे ‘जमत नाही’ असं लिहू नका. प्रयत्नाची वेळ सेकंदासह, ती भारतीय वेळ आहे हे, आपला बाहेरचा आयपी पत्ता आणि कीचा फिंगरप्रिंट एवढं देऊन त्या वेळची लॉगची ओळ मागा. मी ती तीनदा मागितली. तिसऱ्यांदा कुणीतरी लॉग उघडला, होमवर ‘चमॉड ७५५’ केलं (लिहिणं पुन्हा फक्त मालकाला), आणि पुढच्या मिनिटाला ‘एसएफटीपी’चा प्रॉम्प्ट समोर आला. चार दिवसांचा जीव त्या एका शब्दाने हलका झाला.

लगेच ‘पुट’ने फाइल पाठवली आणि पुन्हा परमिशन डिनाइड. याचं कारण दुसरं. खातं ‘क्रूटडिरेक्टरी’ या पर्यायाने एकाच फोल्डरमध्ये बंदिस्त असलं की तो वरचा फोल्डर रूटच्या, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य खात्याच्या, मालकीचाच लागतो आणि इतर कुणाला त्यात लिहिता येऊन चालत नाही, ७७५ करण्यामागे हीच अडचण सोडवायचा प्रयत्न असावा. उपाय म्हणजे आत ‘अपलोड’सारखा फोल्डर करून त्याची मालकी आपल्या खात्याला देणं, आणि आपण आधी ‘सीडी अपलोड’ करणं.

पोर्टचं राहिलंच: पोर्टचा आकडा देताना एसएसएचला ‘-पी’ छोटा, एसएफटीपी आणि एससीपी (फाइल कॉपी करायची आज्ञा) यांना मोठा. एसएफटीपीला छोटा दिला तर त्याचा अर्थ फाइलींच्या मूळ तारखा जपणं. रोजचं काम असेल तर पत्ता, पोर्ट, की आणि ‘आयडेंटिटीजओन्ली येस’ (फक्त सांगितलेलीच की पुढे कर) हे आपल्या ‘.एसएसएच’मधल्या कॉन्फिग फाइलमध्येच लिहून टाका. एजंटमध्ये, म्हणजे की हाताशी ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, बऱ्याच की असल्या तर सगळ्या एकामागून एक पुढे केल्या जातात आणि योग्य कीची पाळी येण्याआधीच ‘टू मेनी ऑथेंटिकेशन फेल्युअर्स’ येतं. जोडणी शांत पडून तुटू नये म्हणून ‘सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल ६०’ही तिथेच घाला.

पहिल्यांदा जोडताना सर्व्हरचा फिंगरप्रिंट दाखवला जातो, तिथे नुसतं ‘येस’ म्हणू नका. तो त्यांच्याकडून फोनवर आधी घ्यायचा आणि पडताळायचा. एवढं कूटबद्ध करून फाइली चुकीच्याच मशीनला द्यायच्या नाहीत.

मध्ये लाइन तुटली तर ‘रीपुट’ उरलेला भाग पाठवतं. पण आधी गेलेला भाग आपल्या फाइलशी जुळतो का, हे ते बघत नाही. म्हणून पाठवण्यापूर्वी ‘शा२५६सम’ने सगळ्या फाइलींच्या ओळखखुणांची यादी करून तीही चढवा. एसएफटीपीपुरत्या खात्यात आपल्याला पलीकडे आज्ञा चालवता येत नाही. ती यादी पडताळणारं ‘शा२५६सम -सी’ त्यांनीच चालवून निकाल कळवायचा.

आणि सपोर्ट डेस्कच्या सांगण्यावरून पाठवलेल्या जास्तीच्या तीन की ‘ऑथराइज्ड_कीज’मध्ये तशाच राहतात. त्यांचे फिंगरप्रिंट देऊन त्या काढून टाकायला सांगा, आणि काढल्यावर प्रत्येकीने जोडून बघा: या वेळी ‘परमिशन डिनाइड’ यायलाच हवं.